दृष्टी आणि दर्शन

जालना शहरातील मस्तगड निजामुल्मुल्क आसफजाहच्या आज्ञेवरून काबीलखानाने १७२५ साली बांधला. शत्रू दुरून दिसावा, हाच गडाचा हेतू. परंतु तटावरून क्षितिज न्याहाळणाऱ्या पहारेकऱ्याला तटाच्या आत कोण उपाशी निजले आहे, हे दिसतेच असे नाही. त्याच जालन्यात १९९२ पासून श्री गणपती नेत्रालय उभे आहे. मोतीबिंदूने गढुळलेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसविले, की चाचपडणाऱ्या आजीला नातवाचे मुख पुन्हा दिसते. मग आत पाहणारा डोळा कोणता, आणि तो उघडतो कसा?

आपल्या महाराष्ट्राला याचे एक उत्तर ठाऊक आहे. विदर्भातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीला मुकले. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत, आपले विचार लेखनिकांना सांगत, अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले. ख्रिस्तसभेच्या इतिहासातही चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे दिदिमस आहेत. चौथ्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, तरी ते तेथील धर्मशिक्षणपीठाचे आचार्य झाले आणि संत जेरोम त्यांच्यापाशी शिकले. क्षुद्र कीटकांनाही असणारे डोळे गेले म्हणून दुःख करू नका, देवदूतांचे डोळे तुम्हांला लाभले आहेत, असे संत अंतोनी यांनी त्यांचे सांत्वन केल्याची परंपरा सांगते.

मात्र येथे आपण सावध राहिले पाहिजे. अंधत्व म्हणजे आपोआप लाभणारे ज्ञान नव्हे. या दोघांनी ज्ञान श्रमाने मिळविले. ‘त्यांना अंतर्दृष्टी असते’ असे म्हणून अंध बांधवांच्या अडचणींकडे पाठ फिरविणे, हेही एक आंधळेपणच होय. यरीहोच्या वाटेवरील बार्तीमयाने प्रभूपाशी डोळेच मागितले, आणि प्रभूने ती मागणी हलकी मानली नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाची कथा आणखी खोल जाते. शिलोहाच्या तळ्यात धुताच त्याचे डोळे उघडले. अंतःकरणाला मात्र वेळ लागला. आरंभी येशू त्याला केवळ एक मनुष्य वाटतो, मग संदेष्टा, आणि सभास्थानातून हाकलले गेल्यावर तो त्याच्यापुढे नमन करतो. किंमत मोजता मोजता त्याला दिसू लागले. त्याची उलटतपासणी घेणाऱ्या परुश्यांचे डोळे शाबूत होते. ‘आम्हांला दिसते’ या खात्रीनेच त्यांना अंध केले.

म्हणजे अंतर्दृष्टी ही काही गूढ सिद्धी नव्हे. देव ज्या नजरेने माणसाकडे पाहतो, ती नजर हळूहळू आपली होणे, हेच तिचे स्वरूप. दृष्टान्तातील श्रीमंताच्या दारात लाजरस पडून होता. श्रीमंताला तो दिसत नव्हता काय? रोज दिसत होता, पण भाऊ म्हणून त्याचे दर्शन घडले नाही. मृत्यूनंतर घडले, तेव्हा मध्ये दरी पडली होती.

आपल्या दारी भांडी घासणारी बाई, मंदिरातील शेवटच्या बाकावर एकटी बसणारी विधवा, आपल्याच घरातील अबोल झालेले वडील आपल्याला दिसतात की नुसते नजरेस पडतात? मरणोत्तर नेत्रदानाने आपण दुसऱ्याला दृष्टी देऊ शकतो, आणि तो निश्चय प्रत्येक कुटुंबाने जरूर करावा. परंतु मरेपर्यंत ते डोळे आपल्यापाशीच आहेत. तोवर बार्तीमयाची मागणी आपणही रोज करू या.