रेषेबाहेरचा चेंडू

११ जून २०२४ ची रात्र. बकरीद सहा दिवसांवर आली होती. इशाची नमाज आटोपून मी जव्हारच्या घरी परतलो, तर ओट्यावर मोहल्ल्यातली सात-आठ पोरे एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली. माझा भाचाही त्यांच्यात होता. चाळिशी ओलांडलेला गडी, पण फुटबॉल म्हटले की तो अजून त्या पोरांतलाच एक. दोह्यात भारत आणि कतार यांच्यात विश्वचषक पात्रता फेरीचा सामना चालू होता. पाचच दिवसांपूर्वी सुनील छेत्री भारतीय संघातून निवृत्त झाला होता. छांगतेने ३७ व्या मिनिटाला गोल केला, तेव्हा पोरांनी सारी गल्ली जागी केली. हा सामना जिंकला असता तर भारत पहिल्यांदाच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाणार होता.

मग ७३ वे मिनिट आले. कतारच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू आपला गोलरक्षक गुरप्रीत सिंग याने अडवला. चेंडू त्याच्या बाजूने घरंगळत गोलच्या खांबालगत रेषेच्या बाहेर गेला. कतारच्या दुसऱ्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसूफ आयमनने जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू हात वर करून थांबले होते. दक्षिण कोरियाच्या रेफरीने गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओवरून निर्णय तपासण्याची सोय नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारने आणखी एक गोल केला. २-१. संपले सारे.

ओट्यावरचे एकही पोर कतारच्या बाजूचे नव्हते. हे मुद्दाम सांगण्याची गरज पडू नये. पण दिवस असे आहेत की सांगितलेले बरे. पोरे रडकुंडीला आली होती. रेफरी विकला गेला, पैशाचा खेळ आहे, असे बोलणे मध्यरात्रीपर्यंत चालले. सर्वांत मोठा आवाज माझ्या भाच्याचा होता. मी गप्प बसून होतो. त्या गप्प बसण्याचे कारण पुढे येईल.

अशी रात्र या ओट्याने आधीही पाहिली होती. डिसेंबर २०२२ मध्ये मोरोक्कोचा संघ विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत पोहोचला. आफ्रिकेतला किंवा अरबांचा कोणताही संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता. फ्रान्सने त्यांना २-० ने हरवले. मेक्सिकोच्या रेफरीने आपल्याला दोन पेनल्टी नाकारल्या, अशी तक्रार मोरोक्कोच्या संघटनेने फिफाकडे केली. आमच्या पोरांनीही तीच तक्रार कितीतरी दिवस केली.

पण या दोन तक्रारी एका जातीच्या नाहीत. बूफालचा पाय आणि फ्रेंच बचावपटूचा पाय एकमेकांना भिडले, तेव्हा दोष कोणाचा, हा मताचा प्रश्न आहे. दोन प्रामाणिक माणसे तोच प्रसंग दहा वेळा पाहून वेगवेगळे बोलू शकतात. आपले मन ज्या बाजूला, तिकडे आपला डोळाही झुकतो. दोह्यातला चेंडू मात्र रेषेच्या आत होता किंवा बाहेर होता. तिथे मताला जागा नाही. तो बाहेर होता. ही वस्तुस्थिती रेफरीला दिसली नाही, एवढेच.

फुटबॉलचा नियम सांगतो की, खेळातील घटनांबाबत रेफरीचा निर्णय अंतिम. हा नियम मला अन्यायकारक वाटत नाही. निर्णय कुठेतरी थांबला नाही तर खेळ होणार नाही, आणि कोर्टकचेरीही चालणार नाही. आपल्याकडे काजीविषयी हदीस प्रसिद्ध आहे. जो काजी सचोटीने विचार करून योग्य निवाडा देतो त्याला दुहेरी सवाब. आणि ज्याचा निवाडा सचोटीने विचार करूनही चुकतो त्यालाही एक सवाब आहेच. किती मोठे मन आहे या शिकवणुकीत! चुकणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. पोरे ज्या कोरियन माणसाला शिव्या देत होती, त्याच्या नियतीत खोट होती असे म्हणायला आपल्यापाशी काय पुरावा आहे? भारतीय फुटबॉल महासंघाने चौकशीची मागणी केली, ते रास्तच झाले. चूक दाखवणे वेगळे आणि माणसाला चोर म्हणणे वेगळे.

पण त्याच परंपरेत दुसरीही एक हदीस आहे. ती आपण फारशी सांगत नाही, कारण ती काजीकडे नव्हे, आपल्याकडे बोट दाखवते. हजरत उम्मे सलमा यांनी ती सांगितली आहे. पैगंबरसाहेब म्हणतात त्याचा आशय असा : मीही माणूस आहे, तुमच्यापैकी एखादा बोलण्यात हुशार असेल आणि त्याचे ऐकून मी त्याच्या भावाचा हक त्याला देऊन टाकीन, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे. म्हणजे निवाडा अंतिम असला तरी तो खोट्याचे खरे करीत नाही. हराम वस्तू काजीच्या शिक्क्याने हलाल होत नाही. ज्याला खरे ठाऊक आहे, त्याचा हिशेब निवाड्यानंतर सुरू होतो.

आमच्या डोंगराळ मुलखात हे कुणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नांगरताना दरवर्षी शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरणारा माणूस प्रत्येक गावात असतो. मोजणी त्याच्या बाजूने आली म्हणून काय झाले? बांध कुठे होता, हे त्याला ठाऊक असते.

म्हणून दोह्यातला खरा प्रश्न रेफरीचा नाहीच. चेंडू पायाने आत ओढणाऱ्याचा आहे. एवढ्या जवळून त्याला रेषा दिसली नसेल का? ते त्याचे तो जाणे. पण हा प्रश्न आम्ही ओट्यावर विचारला नाही. कारण तो विचारला की लगेच पुढचा येतो : आपल्या पोराने असाच गोल केला असता, तर आपण त्याला काय सांगितले असते?

याचे एक उत्तर मुंबईत देऊन झालेले आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले होते. चेंडू बॅटला लागलेला नाही, असे भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याचे मत झाले. त्याने टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. पराभवाची किंमत देऊन विश्वनाथने दुसऱ्याचा हक परत केला.

उलटे उदाहरण तर सर्वांनाच पाठ आहे. २२ जून १९८६ रोजी मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला आणि त्याचे श्रेय पुढे देवाच्या हाताला देऊन टाकले. रेफरी होते ट्युनिशियाचे अली बिन नासर. त्यांनी आपल्या लाइन्समनकडे पाहिले. निशाण वर गेले नाही. गोल झाला.

निशाण वर गेले नाही, हे मी सहज लिहू शकत नाही.

१९९८ चा हिवाळा. भाताची, नागलीची कापणी उरकली होती. तेव्हा आमचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. शाळा-शाळांच्या फुटबॉल सामन्यांचा अंतिम सामना आमच्या शाळेचा आणि मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेचा होता. आश्रमशाळेची अर्धी पोरे अनवाणी होती आणि आमच्यापेक्षा चांगली खेळत होती. मी शिक्षक म्हणून लाइन्समन होतो. शेवटच्या मिनिटांत आमच्या पोराच्या पायाला लागून चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. माझ्यापासून चार हातांवर. त्याने तो आत घेतला, पुढे दिला, आणि गोल झाला. तो पोरगा माझा भाचा होता. माझ्या हातात निशाण होते, ते खालीच राहिले. रेफरीने माझ्याकडे पाहिले आणि गोल दिला. आश्रमशाळेच्या पोरांनी वाद घातला नाही. ती एसटी गाठायला निघून गेली.

कतारच्या सामन्यानंतर पोरे पांगली, तेव्हा भाच्याला मी हे सांगितले. सव्वीस वर्षांनी. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मामू, मला ठाऊक होते. चेंडू माझ्याच पायाला लागला होता ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बघितले होते. तुम्ही निशाण वर केले नाही. मला वाटले, मोठ्या माणसाने सोडून दिले म्हणजे चालत असेल.”

माझी चूक एका गोलाची आहे असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. ती त्याहून मोठी निघाली. मी एका पोराला धडा शिकवला होता, आणि तो त्याने नीट पाठ केला होता.

बकरीद झाल्यावर आम्ही दोघे मोखाड्याला गेलो. चौकशी करत करत त्या संघातला एक जण सापडला. आता तो वडाप जीप चालवतो. मी त्याला सगळे सांगितले आणि माफी मागितली. तो हसला. चहा मागवला. म्हणाला, “सर, आम्हाला तेव्हाच दिसलं होतं. त्यात काय एवढं? आम्हाला सवय होती.”

त्याने माफ केले. परतीच्या वाटेवर घाटात पाऊस लागला. भाचा गाडी चालवत होता. दोघेही बोललो नाही. दोह्यात आपल्यावर अन्याय झाला तेव्हा आपण ओरडू शकलो, कारण न्यायाची आपल्याला अपेक्षा होती. महासंघ पत्र लिहू शकला, कारण त्याच्यापाशी पत्ता होता. त्या अनवाणी पोरांनी कोणाला पत्र लिहायचे होते? रेफरीची चूक सामन्याबरोबर संपते. ज्याला खरे ठाऊक असते तो गप्प बसला, की समोरच्याला अन्यायाची सवय होते. माफी मिळाली तरी ती सवय मी त्याच्याकडून परत घेऊ शकलो नाही.