शर्यतीने विचारलेला प्रश्न

नवे वाहन हाती आले की त्याची शर्यत लावून पाहावी, ही मनुष्याची जुनी खोड आहे. परंतु घोड्यांच्या शर्यतीत आणि आरंभकाळातील विमानांच्या शर्यतीत एक मूलभूत अंतर होते, ते असे की, घोडा धावतो याविषयी कोणालाच शंका नव्हती, आणि विमान भरवशाने उडते यावर मात्र फारच थोड्यांचा विश्वास होता. त्यामुळे पहिल्या पंचवीस वर्षांतील विमानशर्यतींचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, प्रत्येक शर्यत ही वस्तुतः एक जाहीर पृच्छा होती, आणि दर काही वर्षांनी ती पृच्छा बदलत गेली.

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रीम्सजवळच्या पटांगणात आठवडाभर चाललेला मेळावा हा या परंपरेचा पहिला मोठा प्रसंग होय. महिन्याभरापूर्वीच लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली होती. शँपेन तयार करणाऱ्या धनाढ्य पेढ्यांनी बक्षिसांसाठी हात सैल सोडला होता. आणि पावसाने मैदानाचा चिखल करून टाकला होता. गॉर्डन बेनेट चषकासाठी झालेल्या स्पर्धेत तर स्पर्धक एकमेकांच्या जोडीने उडालेच नाहीत. ज्याने त्याने हवेचा रंग पाहून एकट्याने निघावे, दहा किलोमीटरांच्या मार्गाला दोन फेऱ्या घालाव्यात आणि पंचांनी घड्याळावरून निवाडा द्यावा, असा नियम होता. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने सुमारे सोळा मिनिटांत हे अंतर काटून ब्लेरिओवर सहा सेकंदांहूनही कमी फरकाने मात केली. तथापि त्याच सप्ताहात आंरी फार्मान याने सुमारे तीन तास सतत आकाशात राहून १८० किलोमीटरांची मजल मारली, आणि त्या काळाच्या खऱ्या शंकेचे समाधान झाले ते या मंदगती फेऱ्यांनी. कारण यंत्र किती धावते याहून ते टिकते की नाही, हाच तेव्हा मुख्य प्रश्न होता.

तो सुटताच वेगाच्या प्रश्नाने त्याची जागा घेतली. गॉर्डन बेनेट चषकाचा विजयी वेग रीम्सला ताशी ७५ किलोमीटर होता, तो चारच वर्षांनी त्याच रीम्सला मोरिस प्रेव्हो याने ताशी २०० किलोमीटरांवर नेला. काठ्यातारांच्या उघड्या सांगाड्याऐवजी त्याच्या देपरद्यूसाँ विमानाला लाकडी पापुद्र्यांचे गुळगुळीत कवच होते. या घाईची किंमतही थोडी नव्हती. मे १९११ मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यतीच्या प्रस्थानसमयी एक विमान मान्यवरांच्या घोळक्यात कोसळून फ्रान्सचे युद्धमंत्री मोरिस बेर्तो जागीच ठार झाले आणि पंतप्रधान मोनी जबर जखमी झाले. शर्यत मात्र रद्द झाली नाही.

झाक श्नायडर या फ्रेंच गृहस्थाने १९१२ साली जलविमानांसाठी चषक जाहीर केला, तेव्हा त्याच्या मनात निव्वळ वेग नव्हता. पृथ्वीचा बहुतांश भाग पाण्याने व्यापलेला असल्याने समुद्र हाच विमानांचा स्वाभाविक तळ होईल, आणि उतारूंची ने-आण करणारी दणकट जलविमाने या स्पर्धेतून निपजतील, अशी त्याची धारणा होती. पण पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या राष्ट्राकडे चषक कायमचा राहील, या कलमाने वैमानिकांच्या जागी सरकारे आणून उभी केली. १९२४ मध्ये प्रतिस्पर्धी येऊ न शकल्यामुळे अमेरिकेने त्या वर्षीची स्पर्धाच सोडून दिली, आणि आयता विजय नाकारण्याचे औदार्य दाखविले. पुढे १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चास नकार दिला असता लेडी ह्यूस्टन यांनी एक लाख पौंड दिले. इटली व फ्रान्स सिद्ध होऊ शकले नाहीत. आणि ब्रिटनच्या विमानाने एकट्यानेच उड्डाण करून ताशी ५४७ किलोमीटरांच्या वेगाने चषक कायमचा मिळविला. रेजिनाल्ड मिचेल याने रचलेले ते विमान आणि त्याचे रोल्स-रॉइस एंजिन यांपासून मिळालेले ज्ञान पुढे युद्धात ब्रिटनच्या कामी आले, हे खरे. पण उतारूंचे जलविमान त्यातून निघाले नाही, आणि चषकाचा दाता त्याआधीच, १९२८ मध्ये, विपन्नावस्थेत वारला होता.

श्नायडरच्या प्रश्नाचे उत्तर आले ते निराळ्याच शर्यतीतून. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न शर्यत झाली, आणि तिच्या सक्तीच्या थांब्यांत बगदाद व सिंगापूर यांच्याबरोबर आपले अलाहाबादही होते. खास शर्यतीसाठी बांधलेले 'कॉमेट' विमान सुमारे ७१ तासांत पोहोचून पहिले आले. परंतु दुसरे आले ते डच कंपनीचे, उतारू आणि टपाल घेऊन निघालेले 'डीसी-२', आणि तेही वाटेत वादळात सापडून, ऑल्बरी गावच्या घोडदौडीच्या मैदानावर रात्री उतरून, चिखलात रुतून व सकाळी गावकऱ्यांनी ओढून काढल्यावर! निरनिराळ्या विमानांची कुवत हिशेबात धरून तुलना करणाऱ्या दुसऱ्या विभागात तेच सरस ठरले. वेगासाठी सर्वस्व सोडलेले यंत्र आणि रोजचा भार वाहणारे यंत्र यांत आता फारसे अंतर उरले नाही, ही वार्ता पहिल्या क्रमांकापेक्षा मोठी होती.

आपल्याकडेही असेच घडले. इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने करणाऱ्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनी लावलेले पारितोषिक १९३० साली अस्पी इंजिनियर यांनी पटकावले, आणि उलट दिशेने निघालेले जे. आर. डी. टाटा मागे पडले. मिसरमध्ये गाठ पडली असता टाटांनी या प्रतिस्पर्ध्यास आपल्याजवळचा स्पार्क प्लग दिला होता. पण १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले ते हे टाटाच, आणि तेथून नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली.

या सर्वांवरून बक्षिसाची कलमे लिहिणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते, हे उघड आहे. श्नायडरची इच्छा व्यापाराची होती, कलम मात्र अहंकारास पोसणारे निघाले. आणि बुद्धी, द्रव्य व साहस ही तिन्ही दात्याच्या इच्छेकडे न पाहता कलमाच्याच मागे गेली. स्पर्धा माणसाकडून पराक्रम करवून घेते यात संशय नाही. परंतु कोणता पराक्रम हवा, याचा विचार ती करीत नाही, तो तिच्या आधी कोणीतरी करून ठेवावा लागतो.