करडईचं फूल रंगवताना

सोलापूर
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. ताईस,


तुझं करडईचं चित्र मिळालं. रंग तजेलदार आहेत, पण फूल झेंडूचं झालंय. करडईला तशा रुंद पाकळ्या नसतात. काटेरी बोंडातून बारीक नळीसारखी पुष्कळ फुलं एकदम वर येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पाच फाटे असतात. हे फोटोवरून कळत नाही. फांदी हातात धरावी लागते, तीही फडकं गुंडाळून.

शेतात आणखी एक गोष्ट दिसेल. एकाच झाडावर आज उमललेलं फूल पिवळं असतं, आधीचं नारिंगी आणि सुकत आलेलं लालसर. तू तिन्ही एकाच पिवळ्यात रंगवलीस. आधी बोंडावर स्वच्छ पाणी फिरव, त्यात पिवळा सोड आणि तो ओला असतानाच बुडाशी नारिंगी टेकव. मग हात काढून घे. तुझं चित्र मळलंय ते पुन्हा पुन्हा ब्रश फिरवल्यामुळे. सावलीसाठी काळाही वापरू नकोस, पिवळ्यात तो हिरवट होतो. मी कित्येक वर्षं तेच करत होते. जांभळ्याचा एक पुसट हात पुरे.

आणि फुलाभोवती गडद कर. चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तेही जलरंगातलंच. तो उजेड इतका जिवंत वाटतो, कारण त्याच्याभोवती अंधार आहे.

आपल्याकडची हवा कोरडी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की रंग पसरायच्या आत वाळतो. म्हणून ३०० जीएसएमचा कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर ठेव आणि सकाळीच बस.

कुसुंबी रंग याच फुलाचा. पूर्वी त्याने कापड रंगवत, पण उन्हात तो लवकर उडे. तुझ्या पेटीतला अलिझरिन क्रिमसनही असाच विटतो. लालसर छटेसाठी क्विनॅक्रिडोन घे.

गड्ड्याची यात्रा अजून उठलेली नाही. तिला येशीलच, तेव्हा एक सकाळ शेतासाठी राखून ठेव. फुलं आता फार दिवस राहणार नाहीत. कागद माझ्याकडे आहे, तू फक्त ब्रश आण.

तुझी,
आत्या