पिलापुरतं खोड

तापीच्या काठी, रावेरकडच्या एका गावात एक म्हातारा शेतकरी राहत होता. त्याची चार एकर केळी होती आणि एक नातू होता. नातू भुसावळला कॉलेजात शिकायचा आणि तिथल्याच एका संघातून फुटबॉल खेळायचा. तो गोली होता.

सहा वर्षं तो त्या संघाचा गोल राखत होता. चेंडू हातात आला की तो उजव्या हाताने असा भिरकावायचा, की चेंडू थेट मध्यरेषेपलीकडे जाऊन पडायचा. गोल झाला नाही तरी त्या फेकीला टाळ्या पडायच्या.

एकदा संघ धुळ्याला खेळायला गेला. सामना संपला तेव्हा एक मास्तर त्याच्याजवळ आले. ते मुलांना भालाफेक शिकवायचे. त्यांनी त्याचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिला आणि त्या हातात भाला दिला.

"फेक," मास्तर म्हणाले.

त्याने फेकला. भाला हेलपाटत गेला आणि आडवा पडला. पण लांब पडला. मास्तर पावलं मोजत गेले आणि पावलं मोजत परत आले.

"कोणी शिकवलं नाही, तरी इतका जातो," ते म्हणाले. "मनात असेल तर ये. हे शिकायचं वय आत्ताच आहे. चार वर्षांनी आलास तर उशीर झालेला असेल."

परतीच्या वाटेवर पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव आलं. सगळी मुलं बसमध्ये झोपली होती. हा एकटा जागा होता.

घरी येऊन त्याने सांगितलं, "मी फुटबॉल सोडतो. परवा धुळ्याला जातो."

वडील जेवता जेवता थांबले. "सहा वर्षांनी आता कुठे नाव झालं आणि आता सोडतोस? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोस."

काका म्हणाले, "अजून दोन वर्षं खेळला असतास, तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला असतास."

आई काही बोलली नाही. तिने त्याच्या ताटात कळण्याची भाकरी वाढली.

आजोबांना घरात सगळे आबा म्हणत. आबांनी एकच विचारलं, "तुमचे सामने किती राहिले?"

"चार. तीन आठवड्यांत संपतील."

"बरं," आबा म्हणाले. "सकाळी बागेत ये."

सकाळी आबांनी त्याच्या हातात कोयता दिला आणि त्याला एका झाडापाशी उभं केलं. झाड निसवलं होतं. घड लोंबत होता, पण केळी अजून गोल भरली नव्हती. प्रत्येक केळीच्या धारा उठून दिसत होत्या. झाडाच्या बुडाशी तीन पिलं फुटली होती.

"दोन पिलं काप," आबा म्हणाले.

नातवाने दोन कापली.

"तिसरं ठेव. पुढच्या सालचा घड त्याचा. आता हे मोठं झाड तोड."

नातवाने कोयता उचलला. वर घडाकडे पाहिलं. कोयता खाली घेतला.

"आबा, घड भरला नाही अजून."

"मग कधी तोडायचं?"

"भरल्यावर."

"आणि तोवर या पिलाने काय करायचं?"

"वाढायचं. याच्या सावलीत. हळूहळू."

आबा पुढच्या झाडाकडे गेले. त्याचा घड आठ दिवसांपूर्वीच उतरवला होता. घड गाडीत चढून दिल्लीच्या बाजाराला गेला होता. खोड तसंच उभं होतं आणि त्याच्या पायाशी गुडघ्याएवढं पील होतं.

"हे तोड."

नातू खाली वाकला. कोयता बुडाशी लावला. आबांनी त्याचा हात धरला.

"तिथून नको. छातीएवढं राख."

त्याने छातीएवढं राखून घाव घातला. वरचा भाग पडला. कापलेल्या जागी पाणी डवरलं आणि खोडावरून ओघळायला लागलं.

"घड गेला, तरी यात अजून पाणी आहे," आबा म्हणाले. "बुडापासून तोडलं, तर ते फुकट जातं. राखलं, तर पील ते पिऊन घेतं. हे खोड वाळेपर्यंत पील वर येतं."

एवढं बोलून आबा ठिबकच्या नळ्या बघायला निघून गेले. नातू बराच वेळ बांधावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो धुळ्याला गेला नाही. भुसावळला गेला.

संघाला शिकवणारे गुरुजी रेल्वेतून निवृत्त झाले होते. पंच्याहत्तरी उलटली होती, तरी रोज संध्याकाळी मैदानावर यायचे. नातू त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"गुरुजी, हे चार सामने खेळतो. मग मी भालाफेकीकडे जातो."

गुरुजी रागावतील असं त्याला वाटलं होतं. गुरुजींनी त्याला बाकावर बसवलं.

"तुला चुनी गोस्वामी माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

नातवाने मान हलवली. त्याला माहीत नव्हतं.

"माझे वडीलही रेल्वेत होते. हावड्याहून मुंबईला जाणारी गाडी आपल्या भुसावळवरूनच जाते. त्या गाडीबरोबर कलकत्त्याच्या फुटबॉलच्या गोष्टीही यायच्या. मी तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होतो. चुनी गोस्वामी आठ वर्षांचा असताना, १९४६ साली मोहन बागान क्लबच्या मुलांच्या संघात गेला. तिथेच वाढला. १९६२ साली जकार्ताला आशियाई खेळ झाले, तेव्हा तो भारताचा कर्णधार होता. उपांत्य सामन्यात त्याने दोन गोल केले. अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवलं आणि सुवर्णपदक आणलं. १९६४ साली आशिया चषकात भारत दुसरा आला. तेव्हाही कर्णधार तोच. आणि त्याच वर्षी त्याने भारताकडून फुटबॉल खेळणं थांबवलं. सत्ताविशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा तो. पाय तसेच चालत होते. लोक हळहळले."

"मग त्याने काय केलं?"

"क्रिकेट. पण नीट ऐक. क्रिकेट त्याने त्या दिवशी सुरू केलं नव्हतं. १९६२-६३ च्या हंगामातच तो बंगालकडून रणजी सामना खेळला होता. फुटबॉलचा घड भरत होता, तेव्हाच क्रिकेटचं पील बुडाशी होतं."

नातू चमकला. त्याने आबांची गोष्ट गुरुजींना सांगितली नव्हती. पण केळीच्या या पट्ट्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला दुसरा दाखला कुठून सुचणार?

गुरुजी पुढे म्हणाले, "१९६६ साली सोबर्सचा वेस्ट इंडिज संघ इंदूरला आला. आपल्या धुळ्यावरून आग्रा रोड जातो ना, त्याच रस्त्यावरचं इंदूर. मध्य आणि पूर्व विभागाच्या मिळून केलेल्या संघाने त्यांना एका डावाने हरवलं. त्या सामन्यात या फुटबॉलवाल्याने आठ गडी बाद केले. पुढे १९६८-६९ च्या रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने ९६ आणि ८४ धावा केल्या. १९७१-७२ साली बंगाल पुन्हा अंतिम सामन्यात आला, तेव्हा बंगालचा कर्णधार तोच होता. दोन्ही वेळा मुंबई जिंकली. पण जो माणूस एका खेळात देशाचा कर्णधार झाला, तो दुसऱ्या खेळात आपल्या राज्याला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन आला."

"आणि मोहन बागान?"

"तेच सांगायचं राहिलं," गुरुजी म्हणाले. "देशाकडून खेळणं थांबवलं, तरी मोहन बागान त्याने लगेच सोडलं नाही. १९६८ पर्यंत तिथे खेळला. ज्या क्लबने वाढवलं, त्याला तो एका घावात तोडून गेला नाही."

नातू उठला. त्याने गुरुजींच्या पायांना हात लावला.

"तुझ्यामागे गोलात कोण उभं राहणार?" गुरुजींनी विचारलं.

गोलामागे एक पोरगा रोज चेंडू गोळा करायचा. पंधरा वर्षांचा होता. नातवाने त्याच्याकडे बोट दाखवलं.

मग ते तीन आठवडे असे गेले. पहाटे नातू तापीच्या वाळूत एक सरळ बांबू घेऊन धावायचा आणि फेकायचा. सगळा जोर लावायचा नाही. संध्याकाळी लागणारा हात सकाळी दमवायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. संध्याकाळी संघाबरोबर खेळायचा. खेळ संपला की त्या पोराला गोलात उभं करायचा आणि अंधार पडेपर्यंत त्याच्यावर चेंडू मारायचा. पुढे कधी यायचं, मागे कधी थांबायचं, उडी मारण्याआधी वजन कोणत्या पायावर घ्यायचं, ते सगळं दाखवायचा. हातचं काही राखून ठेवलं नाही.

तीन सामने संघ जिंकला. चौथा, अंतिम सामना, संघ एका गोलने हरला. नातवाने त्या दिवशी जितके चेंडू अडवले, तितके पूर्वी कधी अडवले नव्हते. एक सुटला.

सामना संपल्यावर त्याने हातमोजे काढले. बोटांच्या टोकांशी ते फाटले होते. ते त्याने त्या पोराच्या हातात दिले.

"शिवून घे," तो म्हणाला. "अजून वर्षभर चालतील."

दुसऱ्या दिवशी तो धुळ्याच्या बसमध्ये बसला. या वेळी वडील स्टँडपर्यंत आले होते.

धुळ्यातलं पहिलं वर्ष कठीण गेलं. फुटबॉलचं वजन साडेचारशे ग्रॅमपर्यंत. भाला आठशे ग्रॅमचा. चेंडू कसाही पडला तरी चालतो. भाला टोकावर पडावा लागतो. त्याचा भाला आडवा पडायचा. त्याच्याहून लहान मुलं त्याच्या पुढे फेकायची. "गोली, परत जा," असं कोणीतरी म्हणायचं. खांदा दुखायचा. रात्री तो खांद्याला तेल चोळायचा आणि सकाळी पुन्हा रांगेत उभा राहायचा.

हळूहळू मास्तरांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. भाला फेकण्याआधी अंग आडवं ठेवून, पाय पायावरून टाकत पुढे जावं लागतं. इतरांना ती पावलं शिकायला महिने लागले. हा पोरगा सहा वर्षं गोलात आडव्या पावलांनी सरकत होता. त्याचे पाय आपोआप पडायचे. दुसरी गोष्ट रेषेची. फेकून झाल्यावर रेषा ओलांडली, तर फेक बाद होते. जोरात धावत आलेली मुलं झोकात पुढे जायची आणि चांगल्या फेकी बाद व्हायच्या. हा मात्र रेषेच्या वीतभर अलीकडे थांबायचा.

"हे कुठे शिकलास?" मास्तरांनी विचारलं.

"सहा वर्षं एका रेषेवरच उभा होतो," तो म्हणाला.

महिन्यातून एक रविवार तो भुसावळला जायचा. त्या पोराला घेऊन मैदानावर उतरायचा, त्याच्या चुका सांगायचा आणि रात्रीच्या गाडीने परत यायचा. वर्षभर गेला. मग एके दिवशी गुरुजी म्हणाले, "आता तू नाही आलास तरी चालेल." त्या दिवसापासून त्याने जाणं थांबवलं.

दुसऱ्या वर्षी जळगावला मैदानी स्पर्धा झाल्या. वडील आले, काका आले, आबा काठी टेकत आले. त्याने सहा वेळा भाला फेकला. एकही फेक बाद झाली नाही. पाच वेळा भाला टोकावर पडला. सहाव्या वेळी तो इतका वेळ हवेत राहिला, की काका उभे राहिले. पंचांनी टेप धरली. तो तिसरा आला होता.

वडील त्याच्याजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

त्याच आठवड्यात भुसावळला सामना होता. गोलात तो पोरगा उभा होता. हातमोजे शिवलेले होते. चेंडू हातात येताच त्याने उजव्या हाताने भिरकावला, तो मध्यरेषेपलीकडे जाऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी नातू घरी होता. सकाळी आबांनी हाक मारली, "बागेत ये. पिलबाग भरली."

दोघं त्याच झाडापाशी गेले. ज्या खोडावर त्याने पहिला घाव घातला होता, त्याच्या जागी आता वाळलेला चोथा उरला होता. पायाने ढकलला तर मातीत मिसळला. शेजारी पिलाचं झाड उभं होतं, आबांच्या दुप्पट उंच. घड भरून लोंबत होता. केळीच्या धारा बुजल्या होत्या.

आबांनी दांडा कापला. नातवाने घड उजव्या खांद्यावर झेलला.

"वजन किती असेल?" आबांनी विचारलं.

"मागच्यापेक्षा कमी नाही," नातू म्हणाला.

आबांनी कोयता त्याच्या हातात दिला. कुठून तोडायचं, ते या वेळी सांगावं लागलं नाही. बुडाशी नवं पील होतं. नातवाने खोड छातीएवढं राखलं.

तात्पर्य : नव्या वाटेला जरूर लागावं. पण हाती घेतलेला घड भरू द्यावा, आणि निघताना मागच्यांसाठी पिलापुरतं खोड राखून निघावं.