पळी कोणाच्या हाती?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 6:1-7



काशीच्या उत्तरेकडील घाटांपैकी ब्रह्मा घाट हा मराठी मनाला विशेष जवळचा. पंचगंगा व दुर्गा घाटांच्या सान्निध्यातील या वस्तीत पेशवाईपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. नाना फडणविसांचा वाडाही येथेच. मराठी राजघराण्यांनी काशीत घाट आणि मंदिरे बांधली, तशीच अन्नछत्रेही चालविली. त्या पंक्तींत विद्यार्थी बसत, यात्रेकरू बसत आणि काशीवासासाठी आलेल्या, किंवा घरच्यांनी आणून सोडलेल्या, निराधार विधवाही बसत.

दानाची ही परंपरा थोर आहे. तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. नाताळाला चार घोंगड्या वाटून त्याचे छायाचित्र काढणाऱ्या मंडळ्यांना तर मुळीच नाही. तरी एक प्रश्न मनात येतो. पंक्तीत बसलेल्या त्या विधवेला उद्याच्या पंक्तीविषयी काही बोलता येत होते काय? तिच्यापुढे पान होते. पळी मात्र दुसऱ्याच्या हाती होती. देणाऱ्याचे वैभव ओसरले किंवा वाढणाऱ्याची मर्जी फिरली, तर तिने कोणाकडे पाहावे?

आता आपला शास्त्रपाठ उघडून पाहा. यरुशलेमेतील मंडळी तेव्हा अगदी कोवळी होती. पवित्र आत्म्याचा वर्षाव झालेला, विश्वासणाऱ्यांचे सर्व काही समाईक. आणि अशा मंडळीत कुरकुर सुरू झाली. कशावरून? सिद्धान्तावरून नव्हे, जेवणावरून! रोजच्या वाटणीत हेल्लेणी यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. या विधवा परक्या मुलखातून आलेल्या, ग्रीक बोलणाऱ्या, स्थानिक इब्री समाजात काहीशा उपऱ्या. ब्रह्मा घाटावरच्या मराठी विधवेसारख्याच म्हणा ना.

प्रेषितांनी काय केले ते नीट पाहावे. त्यांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, की वाटप वाढविण्याचे पोकळ आश्वासन दिले नाही. सात जण निवडण्यास त्यांनी मंडळीलाच सांगितले. स्तेफन, फिलिप्प आणि त्यांचे पाच सोबती, या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्याच गटातील माणसांच्या हाती सर्व मंडळीच्या वाटणीची पळी देण्यात आली. इब्री बहुसंख्याकांना हे सहज रुचले असेल असे मला वाटत नाही. पण त्यानंतर वचनाचा प्रसार झाला व शिष्यांची संख्या फार वाढली, असे लूक लगेच नमूद करतो.

काशीत वाढलेल्या आणि 1848 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे यांच्या विवेचनाचा पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेच्या प्रवासात मोठा वाटा होता. रमाबाईंनी भूक पुस्तकात वाचली नव्हती; 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील व बहीण गमावली होती. म्हणूनच 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा आणल्या, आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो जणींना आसरा दिला. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी केवळ पंक्ती मांडल्या नाहीत. तेथे विहिरी खणल्या, शेते पिकविली, गाई पाळल्या, माग चालविले. छापखानाही उभारला, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळविणारे हात याच स्त्रियांचे होते. जिला समाजाने अपशकुनी म्हटले, तिच्या बोटांखालून देवाचे वचन छापून निघाले.

वसईचे उदाहरण निराळे, पण धागा तोच. सावकारी पाशात अडकलेल्या धर्मग्रामस्थांसाठी मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी 1918 साली सहकारी पतसंस्था उभी केली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. तेथे कर्ज घेणारा भागधारकही असतो. हात पसरणारा आणि मत देणारा माणूस एकच.

जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. त्यांनी गावोगावच्या बहुधा निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून घडविले. जिची सावली चालत नव्हती तिलाच बाळंतपणासाठी बोलावणे येऊ लागले. हे केवळ औषधोपचाराने घडले असते काय?

वाचकहो, दारिद्र्य आपल्या दाराबाहेरच असते असे समजू नका. महाराष्ट्रातील कित्येक मंडळ्या दलित वस्त्यांतून उभ्या राहिल्या, आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती आजही मिळत नाहीत. शाळेची फी थकलेले लेकरू कदाचित तुमच्याच बाकावर शेजारी बसून गीत गात असेल. त्याच्या घरी मदत पोहोचवावी ती रात्री, न बोलता, आणि उपासनेला येण्याची अट न घालता. वेदीवरून नाव पुकारून दिलेली मदत घेणाऱ्याला महाग पडते.

आणि मदतनिधीचे काय? बहुतेक ठिकाणी त्याचा हिशेब तीन-चार प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांच्या हाती असतो. माणसे सचोटीची असतात, हे मान्य. पण धुणीभांडी करणारी भगिनी, बांधकामावरचा बिगारी, ऊसतोडीहून परतलेले कुटुंब यांपैकी कोणी त्या समितीवर आहे काय? येत्या वार्षिक सभेत निदान निम्म्या जागांसाठी अशी नावे सुचवावीत. समितीची बैठक मात्र सकाळी दहाला ठेवू नये. त्या वेळी त्या कामावर असतात, आणि एका बैठकीपायी त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. संध्याकाळी सातनंतर ठेवावी, आणि हिशेबाची वही मोठ्याने वाचावी, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही आकडा विचारता येईल.