फुकट काम

"पगार नको, फक्त संधी द्या." उन्हाळ्याआधी अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत अशी पत्रं येतात. मीही लिहिलं होतं. आपल्याला ती नम्रता वाटते. पण विचार करा: तीन महिने बिनपगारी राहणं कुणाला परवडतं? ज्याचं घरभाडं वडील भरतात, त्याला. म्हणजे फुकट काम करून घेणारा उदार नसतो. तो गरीब मुलाला दाराबाहेर ठेवतो.

नॅशनल सायन्स फाउंडेशनची आरईयू योजना विद्यावेतन देते, पण ते नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना. एफ-१ व्हिसावरच्यांना नाही. म्हणूनच मोह होतो. तरी मोफत श्रम देऊ करू नका. त्या गटाचा एखादा शोधनिबंध वाचून खरा प्रश्न विचारा, आणि मानधनाबद्दलही विचारा. तुमचा संकोच तुमच्यामागून येणाऱ्यालाच महाग पडतो.