महिन्याची यादी

पगाराच्या दुसऱ्या दिवशी आई यादी सांगायची आणि मी पाठकोऱ्या कागदावर लिहायचो. तूरडाळ दोन किलो, गूळ एक किलो, शेंगदाणे, गोडेतेल, साबुदाणा. 'असू दे, एकादशीला लागेल.' शेवटी हमखास बेसन, म्हणजे लाडू. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. घर काही सुखवस्तू नव्हतं, पण त्या घराला महिना होता.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. आधी यादीतून बेसन गेलं, मग साबुदाणा, आणि मे उलटता उलटता यादीच गेली. रिकामी बाटली घेऊन मी वाण्याकडे जायचो, 'शंभर ग्रॅम तेल'. डाळ पुडीत, चहा पुडीत. सुटं घेतलेलं महाग पडतं हे आईलाही कळत होतं. पण स्वस्त घ्यायला एकदम पैसे लागतात. ती डब्याला टिचकी मारायची आणि आवाजावरून सांगायची, 'शनिवारपर्यंत पुरेल.'

दारिद्र्य म्हटलं की आपण ताटात काय नाही ते मोजतो. अनिश्चितता ताटाच्याही आधी घरात शिरते. डबे भरलेले असताना पाहुणा आला तर मूठभर तांदूळ जास्त पडायचे. पुडीच्या दिवसांत पाहुणा म्हणजे मागच्या दाराने मला वाण्याकडे पिटाळणं. वडील जेवणाच्या वेळेला नेमके 'जरा नाक्यावर जाऊन येतो' म्हणायचे. पुढे त्यांना दुसरी नोकरी लागली, डबे भरले, तरी दुसरी पोळी घेण्याआधी ते पातेल्याकडे बघून विचारत, 'आहे ना अजून?' हा प्रश्न त्यांच्या तोंडचा शेवटपर्यंत गेला नाही.

गिरणीचे गोडवे मात्र मला गायचे नाहीत. तिथेही बदलीवाले होतेच. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर पाळी मिळायची, नाहीतर परत. एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्वतः उधारीवर धान्य उचलत. कामगाराचा पगार चुकला की त्यांची चूल अडकायची, आणि व्याज मात्र चढत राहायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. त्यांनी अडचण बरोबर जागी पकडली होती. रांधण्यात काहीच कमी नव्हतं, कमी पडत होता तो पैसे येईपर्यंतचा काळ निभावण्याचा आधार.

ऊसतोडीत हा काळ उलटा फिरतो. बीडकडचं जोडपं, म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता', हंगामाआधीच उचल घेतं. ती आधीच्या देण्यात, लग्नात, आजारपणात जाते. मग चार-सहा महिने आधीच खाल्लेल्या पैशांसाठी तोडायचं. फडावरचा बाजार पुष्कळदा वाढे विकून होतो, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर माणसाचं मीठ-मिरची चालतं. कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बाई पहाटेच्या अंधारात भाकरी थापते, कारण दुपारी चूल पेटवायला वेळ कुठला? तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी कापणीआधीच्या तंगीत बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर सुधारले. माझ्या आईला हे ऐकून नवल वाटलं नसतं. डबे रिकामे असले की तिची विणीची टाकेमोजणी चुकायची.

रेशन तेवढं अजून महिन्याच्या हिशेबात येतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं. याला फुकटेपणा म्हणणाऱ्यांनी एक महिना पुडीवर काढून पाहावा. धान्याइतकाच मोलाचा असतो तो 'पुढच्या महिन्यातही मिळेल' हा भरवसा.

आता माझ्या घरातली गंमत. मुलाचा पगार दरमहा ठरल्या तारखेला येतो, पण घरात यादी नाही. कोथिंबीर संपली, ॲपवर मागव. लिंबं हवीत, मागव. आम्ही नाइलाजाने जसं जगलो, तसं तो हौसेने जगतो, पुडीपुडीने. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख लोक अशा ॲपवरच्या आणि तत्सम कामांत होते. त्यांतल्या जेवण पोचवणाऱ्यांची खरी कमाई जेवणाच्या वेळेत. लोक जेवतात तेव्हा हे जिना चढतात.

परवा दुपारी दीडला बेल वाजली. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, वय बावीस-तेवीस. मी पाणी दिलं, त्याने उभ्यानेच प्यायलं.

'जेवलास का रे?'

'चारला बघू, काका. आत्ता रेट बराय.'

फोन परत वाजला. लिफ्ट वर अडकली होती, तो जिन्यानेच उतरला.